दहा-अकराचा पाना

७ एप्रिल, सोमवार

आज धुळ्याहून आबांचा फोन. एरवी फोन आईच्या हातात असतो आणि आबा मागून बोलतात. आज स्वतः बोलले. म्हणजे विषय गंभीर.

आबा सत्त्याहत्तर वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. म्हणाले, हात थरथरतो, पान्यावरचे आकडे दिसत नाहीत, हत्यारांचा बॉक्स आता कुणाच्या तरी ताब्यात द्यायचा. बुद्धपौर्णिमेला जळगावला येतो, येताना बॉक्स घेऊनच येतो. पण अपुरा बॉक्स द्यायचा नाही. दहा-अकराचा पाना जागेवर आला तर बॉक्स तुझा, नाहीतर इथल्या आयटीआयच्या पोरांना देऊन टाकतो.

मी म्हणालो, येईल की.

मुद्दा असा. आबांनी घरीही वर्कशॉपची पद्धत ठेवली होती. हत्यार हवं असेल तर आपला पितळी बिल्ला द्यायचा. बॉक्सच्या झाकणाला आतून हुक आहेत, त्यावर तो लटकणार. हत्यार परत, मग बिल्ला परत. आई बिल्ला नंबर एक. तिचा बिल्ला नारळ फोडण्यापुरता लटकतो. मी नंबर दोन. माझा जून १९९९ पासून लटकतोय. सायकलची सीट घट्ट करायला दहा-अकराचा पाना (एका तोंडाला दहा नंबर, दुसऱ्याला अकरा) घेतला होता. त्यानंतर तांत्रिक कारणांमुळे पाना उपलब्ध राहिला नाही.

मला तो बॉक्स हवा आहे. सातवीत असल्यापासून हवा आहे. हे इथे लिहायला हरकत नाही.

पस्तीस दिवस आहेत. भरपूर.

८ एप्रिल

रात्रभर विचार केला. (साडेदहाला झोपलो, पण विचार चालू होता.) खोटं बोलायचं नाही. तसाच दुसरा पाना आणायचा आणि 'सापडला' म्हणायचं. सापडलेलाच असेल, दुकानात.

आबांना फसवणं सोपं नाही. ते हत्यार हातात घेतात, फरशीवर टाकतात आणि आवाज ऐकतात. आवाजावरून कंपनी सांगतात. म्हणून पाना उत्तम दर्जाचा पाहिजे, आणि दर्जा ओळखण्यात मी कमी नाही. गेली बावीस वर्षं ऑफिसच्या भांडार शाखेत आहे. आलेल्या प्रत्येक मालावर 'दर्जा समाधानकारक' हा शेरा मीच मारतो. खुर्च्या, पंखे, एकदा तर पुरासाठीची रबरी बोट. खोका उघडावाही लागत नाही. नजर तयार झाली आहे.

१३ एप्रिल, रविवार

सुखी बझारला गेलो. तळमजल्यावर तेल-साबण, वर हत्यारं. तिथला सेल्समन अभिमन. गळ्यात टाय, पायात स्लीपर. म्हणाला, सर, बाहेरची कंपनी कशाला, आमचाच ब्रँड आहे, 'टिकाऊराज'. जाहिरातीचा खर्च नाही, म्हणून स्वस्त. मला हे लगेच पटलं. जाहिरात तेच करतात ज्यांना माल खपवायचा असतो.

एकवीस नगांचा संच घेतला. पाने, पक्कड, हातोडी, पेचकस, कानस, मोजायचा टेप, पाणसळ. सगळं एका निळ्या सुटकेसमध्ये. जिन्यावर सुटकेसचं हँडल हातात आलं. हँडल हे हत्यार नाही, त्यामुळे गुण कापले नाहीत.

बायको, संघमित्रा, म्हणाली, एक पाना पाहिजे होता ना? मी म्हणालो, पान्याचा दर्जा एकट्या पान्यावरून कळत नाही, घराणं बघावं लागतं. ती शाळेत विज्ञान शिकवते. प्रत्यक्ष फील्डचा अनुभव वेगळा.

संकल्प: प्रत्येक नगाची शास्त्रीय कसोटी. दहापैकी गुण. शेवटी पान्याची निवड.

१४ एप्रिल

जयंती. कॉलनीतल्या पोरांनी स्टेजसाठी पक्कड मागितली, दिली. संध्याकाळी दोन तुकड्यांत परत आली. मधली खीळ निघाली म्हणे. बारकाईने पाहिलं. सुट्या भागांत असल्यामुळे साफ करायला फार सोपी. गुण ७.

१६ एप्रिल

टेपची कसोटी. स्वतःची उंची मोजली. सहा फूट एक इंच.

आतापर्यंत सगळीकडे पाच फूट आठ लिहीत आलो. आर्मीच्या भरतीलाही गेलो नाही. इतकी वर्षं लोकांनी मला कसल्या टेपने मोजलं कुणास ठाऊक. गुण १०.

मृणाली अकरावीत आहे. तिने तोच टेप घेऊन फ्रिज मोजला आणि म्हणाली, पप्पा, याला पहिले पाच इंच नाहीतच, टेप सहापासून सुरू होतो. मुलांना मोठ्यांचं कौतुक नसतं. गुण तेच ठेवले.

१९ एप्रिल

पाणसळ लावून पाहिली. आपलं घर पूर्वेकडे कललेलं आहे. हॉल, बेडरूम, ओटा, सगळं. बिल्डरला कडक शब्दांत पत्र लिहिलं. तोपर्यंत निदान मसाल्याची फळी तरी सरळ असावी म्हणून काढून पाणसळीप्रमाणे पुन्हा ठोकली.

सायंकाळी ६.१५. बुडबुडा अगदी मध्यभागी. बरण्या मात्र एका बाजूला सरकतात. हळदीची गेली. घरच वाकडं असल्यावर सरळ फळी काय करणार? पाणसळ ९. हातोडीचं डोकं निघून ओट्यामागे गेलं आहे, सापडलं की गुण देईन.

२१ एप्रिल

चव्वेचाळीस डिग्री. ही संधी परदेशातल्या लॅबना मिळत नाही. सर्व पाने गच्चीवर दुपारी दोन तास ठेवले. उन्हाने लोखंड वाकतं का, रंग जातो का, हे बघायचं होतं. दोन वाजता उघड्या हाताने उचलले.

उजवा हात कामातून गेला. डाव्या हाताने लिहितोय. रंग पान्यांवरून गेला आणि माझ्या तळव्यावर आला. म्हणजे रंग गेला नाही, फक्त जागा बदलली. ८.

संघमित्राने बर्फ लावला.

२५ एप्रिल

आजची कसोटी सर्वांत महत्त्वाची. आवाज.

तुलनेला एखादा अगदीच हलका नग पाहिजे होता. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये मिळाला. कधीपासून पडलाय माहीत नाही. संघमित्रा त्याने स्कूटीची बॅटरी, कूलरचं स्टँड, मिक्सर काय काय घट्ट करते आणि गुळाची ढेपही फोडते. काळा, जड, गुळाने चिकट. योगायोगाने दहा-अकराचाच. दांड्यावर तीन खाचा. ओतकामातला दोष.

फरशीवर टाकला. टण्ण. लांबलचक, कर्कश, बराच वेळ घुमत राहिला. शेजारच्या खोलीतून मृणाली काय पडलं म्हणून आली. बहुतेक आतून पोकळ. गुण २.

मग टिकाऊराज दहा-अकरा टाकला. थप. बस. संयमी. चांगलं हत्यार बडबडत नाही. गुण १०.

निवड झाली. सतरा दिवस हातात ठेवून.

२७ एप्रिल, रविवार

निकृष्ट माल घरात ठेवणं म्हणजे भेसळीला आश्रय. झुलाल भंगारवाला आला तेव्हा तो काळा पाना त्याच्या हातगाडीवर टाकला. पकडीचे भागही दिले. झुलालने पक्कड परत केली, म्हणाला, भाऊ, हे नको. पाना मात्र दोनदा उलटापालटा करून पाहिला आणि पटकन गोणीखाली सरकवला. अडाणी माणूस. बदल्यात पाव किलो लसूण दिला. व्यवहार फायद्याचा.

२८ एप्रिल

संघमित्राने ड्रॉवर उघडून विचारलं, "माझा पाना कुठाय?"

मी तिला बसवून दर्जा म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं. आवाज, पोकळपणा, ओतकाम. लसूणही दाखवला. ती स्कूटीची किल्ली घेऊन गेली. भाजीला असावी.

दीड तासाने आली. भाजी नव्हती. पर्स ओट्यावर ठेवली तर केवढा आवाज झाला. सुटे पैसे फार बाळगते. रात्रीच्या वरणाला लसणाची फोडणी होती. पण माझ्या ताटात वाढताना डाव हलका होता, असं वाटलं.

२ मे

टिकाऊराज पाना फार नवा दिसतो. सव्वीस वर्षं हरवलेली वस्तू अशी चकाकत येत नाही. चिंच आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला. अंदाज: आठवडाभर तरी लागेल.

३ मे

एका रात्रीत झाला. सव्वीस वर्षांचं काम आठ तासांत. एवढी कार्यक्षमता मी आमच्या ऑफिसात पाहिली नाही. १० पैकी १०. पातेल्याला भोक पडलं.

५ मे

आईला फोन. तिचं नाव केसरबाई, पण आमच्याकडे तिला सगळे अक्का म्हणतात, फक्त मी आई म्हणतो. सहज विचारल्यासारखं विचारलं, आबांच्या हत्यारांवर काही खूण असते का गं? आई म्हणाली, विसरलास का, बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच, हत्यारांवर दांड्याला तीन खाचा, त्यांनीच कानशीनं पाडलेल्या.

बरं झालं विचारलं. तीन खाचा म्हणजे डाव्या हाताचा मळ. (उजवा अजून बँडेजमध्येच आहे.)

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. भंगारात दिलेल्या त्या फालतू पान्यालाही तीन खाचा होत्या. म्हणजे डुप्लिकेट माल बनवणाऱ्यांनी माझ्या वडिलांची खाजगी खूणसुद्धा सोडली नाही. बाजार कुठल्या थराला गेलाय. वेळीच घराबाहेर काढला ते उत्तम.

सायंकाळी ७. टिकाऊराजच्या कानशीने टिकाऊराजच्या पान्यावर खाचा पाडायला बसलो. तासाभरात कानस गुळगुळीत. दात गेले. पान्यावर ओरखडा नाही. कानस २, पण त्यामुळे पाना १० चा ११ करावा लागला.

६ मे

आज पान्याला नखानेही ओरखडा पडतो. चिंचेच्या पाण्याने आतून मऊ झाला असावा. तीन खाचा मृणालीच्या कंपासमधल्या करकटकाने पाडल्या. दोन मिनिटं. मऊपणा हाही एक गुण आहे.

९ मे

रंगीत तालीम. आबा यायच्या आत पान्याला थोडं काम दिलं पाहिजे, म्हणजे हातात सरावलेला वाटेल. हॉलमधल्या कूलरच्या स्टँडचे चारही नट घट्ट केले. पहिल्या तीन नटांपर्यंत उत्तम. चौथ्याला पान्याचं तोंड जरा हसलं. फाकलं म्हणणार नाही. हसलं.

नटांचे कोपरे गोल झाले आहेत. गोल वस्तू लवकर सुटत नाही, असं शास्त्र आहे. बहुतेक.

संघमित्रा म्हणाली, कूलरला हात लावू नका, आबांना उन्हाचा त्रास होतो. मी म्हणालो, आबांसाठीच तर करतोय. तिने विचारलं, "हे सगळं त्या एका पान्यासाठी चाललंय?" तिला सगळं सांगावं असं क्षणभर वाटलं. सव्वीस वर्षांत कुणालाच सांगितलेलं नाही, की तो पाना मी हरवला आणि आबांना सांगायची हिंमत झाली नाही, आणि दर दिवाळीला धुळ्याला गेलो की मी बॉक्सच्या झाकणाकडे बघायचं टाळतो.

सांगितलं नाही. म्हणालो, तुला नाही कळायचं, टेक्निकल आहे.

११ मे, सकाळ

भाषणाची तयारी.

'आबा, हा बघा, माळ्यावर सापडला.' (आमच्या घराला माळा नाही.)
'आबा, हा बघा, सापडला.' (थोडक्यात, खरं वाटतं.)
'आबा, हा बघा.' (यात खोटं काहीच नाही. हेच.)

१२ मे, बुद्धपौर्णिमा, सकाळी ११

आबा आणि आई साडेनऊच्या गाडीने आले. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट, तरी आबांनी बॉक्सचं तिकीट काढता येईल का म्हणून कंडक्टरला विचारलं. बॉक्स हिरवा, लोखंडी. रिक्षातून मी उतरवला. उतरवताना कंबर धरली. बॉक्सचा वास तोच, ग्रीस आणि पितळ. सातवीतला झालो.

सगळे पांढऱ्या कपड्यांत वंदनेला बसलो. पंचशील घेताना चौथ्या शीलाला मला खोकला आला. खोटं न बोलण्याचं ते. आबांनी डोळे मिटलेलेच ठेवले, पण थांबले. माझा खोकला संपल्यावर चौथं शील पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मीही म्हटलं. हळू आवाजात.

खीर छान झाली आहे. आता जेवणानंतर.

१२ मे, सायंकाळी ५

जेवणं झाली. आबा कूलरसमोर खुर्चीत बसले. मी पाना नव्या रुमालातून पुढे केला आणि म्हणालो, आबा, हा बघा.

आबांनी तळहातावर तोलला. अंगठ्याने खाचा चाचपल्या. मग हात लांब करून फरशीवर टाकला.

थप.

तोंडाचा एक तुकडा उडून दिवाणाखाली गेला.

आबा म्हणाले, "हाऊ मना पाना नही."

मी म्हणालो, आबा, आवाजाचा संयम बघा. तेवढ्यात कूलरच्या स्टँडचा एक पाय सुटला. मग दुसरा. गोल नटांबाबतचं शास्त्र चुकीचं आहे. कूलर सावकाश कलला आणि चाळीस लिटर पाणी हॉलभर झालं. आमचं घर पूर्वेकडे कललेलं नाही हेही त्यावेळी सिद्ध झालं. पाणी सगळीकडे सारखं पसरलं.

मृणालीने आणि आईने कूलर धरला. संघमित्राने पर्समधून काहीतरी काढलं, गुडघ्यावर बसून स्टँडचे पाय जोडले, नवीन नट लावले, चारही. मोजून तीन मिनिटं. उठताना हातातलं ओल्या फरशीवर ठेवलं, जरा जोरातच.

टण्ण.

आबांनी डोळे मिटले. तो आवाज विरेपर्यंत मिटलेले ठेवले. मग हात पुढे केला आणि म्हणाले, "हाऊ मना शे."

तोच काळा, गुळाने चिकट पाना. मला आधी वाटलं, डुप्लिकेट बनवणाऱ्यांनी आवाजाचीही नक्कल केली. मग तसं वाटेना.

आबांनी विचारलं कुठे सापडला. संघमित्रा म्हणाली, लग्नानंतर यांची ट्रंक आवरताना एका मोज्यात होता, तेव्हापासून घरात वापरते, तुमचा आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. मोजा माझाच, हे मान्य करतो. म्हणजे पाना एकवीस वर्षं आमच्या ड्रॉवरमध्ये होता. धुळ्याहून जळगावला मीच आणला होता. झुलालबद्दल, गोणीबद्दल, लसणाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मला एकदम भरून आलं. जमीन आधीच ओली होती, त्यामुळे लक्षात आलं नसावं.

आबांनी बॉक्स उघडला. पाना त्याच्या जागी बसवला. आठ-नवाचा आणि बारा-तेराचा यांच्यामध्ये सव्वीस वर्षं एक फट होती, ती गेली. मग झाकणाच्या हुकावरून माझा बिल्ला काढला, धोतराला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. भाजलेल्या हातावर. बोटांना गार लागला.

म्हणाले, "पाना गया ते गया. तू सांगाले काबर ऊना नही?"

पुढचं हळू बोलले. पाना बाजारात मिळतो, मी दुसरा कधीच आणू शकलो असतो. तो हुक मी पान्यासाठी नव्हता अडवला. तू येऊन 'हरवला' म्हणशील, म्हणून अडवला होता.

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. दर्जाविषयी नव्हतं.

बॉक्स जळगावलाच राहणार. किल्ली संघमित्राकडे. आबा म्हणाले, टूलरूम तिची. बिल्ल्याची पद्धत चालू राहील, घरातल्या सगळ्यांना.

निर्णय योग्य आहे. मी असतो तरी हाच शेरा मारला असता.

संकल्प: यापुढे हत्यार हरवलं तर त्याच दिवशी सांगायचं. त्याच तासाला.

१३ मे, सकाळी ८.३०

नवा दिवस. कूलर किंचित हलतो असं वाटलं. संघमित्रा म्हणाली, हलत नाही. पण मालकाची नजर वेगळी. दहा-अकराचा मागितला. तिने हात पुढे केला. बिल्ला दिला, तिने हुकावर लटकवला. माझा बिल्ला एकूण सोळा तास मोकळा होता.

कूलरचं मागचं दार उघडून आतला एक नट घट्ट केला. आबांच्या पान्याने काम करताना हाताला काय वाटतं, ते लिहिता येणार नाही. बँडेजमधूनसुद्धा कळतं.

९.२०

पाना सापडत नाही.

ओटा, ड्रॉवर, दिवाण, मोजे सगळं पाहिलं. कूलरचं दार लावेपर्यंत हातात होता. त्यानंतर तांत्रिक कारणांमुळे.

९.३५

आबा हॉलमध्ये पेपर वाचताहेत. चार पावलं आहेत. जाऊन सांगायचं, 'आबा, हरवला.' दोनच शब्द. कालच ठरवलंय.

चहा झाला की जातो. चहाच्या आधी माणसाला त्रास कशाला.

सुखी बझार दहाला उघडतं.

९.४५

मृणालीने कूलर लावला. आतून टण्ण, टण्ण, टण्ण असा आवाज येतोय. पंख्याला काहीतरी लागत असावं. ते नंतर बघू, आत्ता घाई आहे. चप्पल घातली आहे.

आबांनी पेपर खाली ठेवलाय. हाक मारताहेत. नावाने नाही. नंबरने.